मध्यंतरापूर्वी मरणारा माणूस

सेड्रिक थॉर्नली मरत नाही, हे नीलाबाई रामटेके यांना पंचेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. एखादीला नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण ठाऊक असतं, एखादीला सासूच्या पेटीतल्या पाटल्या. नीलाबाईंच्या वाट्याला हे आलं होतं. त्यांनी ते पोटात ठेवलं. खरं सांगायचं तर ठेवायला ते काही फार जड नव्हतं. जड झालं ते दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, हॉलंडातल्या न्यूनेनला, लेकाच्या घरी.

हा थॉर्नली कोण, ते आधी सांगितलेलं बरं, कारण आता तो कुणाला आठवत नाही. जुन्या काळ्यापांढऱ्या इंग्रजी लढाईच्या सिनेमांत तो असायचा. उंच, बारीक मिशी, तोंडात पाईप, आणि बोलणं असं की ओठ हलले तर दंड होईल. नायक तो कधीच नव्हता, नायकाचा मित्र असायचा. शत्रू जवळ आलाय, पूल उडवायचाय, कुणीतरी एकानं मागं थांबायचंय, अशी वेळ आली की हा पाईप विझवायचा, 'तुम्ही व्हा पुढं' म्हणायचा आणि मरायचा. कधी पुलावर, कधी विमानात, कधी पाणबुडीत. एकदा तर उंटावर बसल्या बसल्या. मरायचा मात्र नेमका मध्यंतराच्या आधी.

म्हणजे बबनरावांच्या मते मरायचा.

बबनराव नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते आणि त्यांची रात्रपाळी आठला सुरू व्हायची. सीताबर्डीच्या थिएटरात इंग्रजी सिनेमाचा खेळ सहाचा. मध्यंतराचे दिवे लागले की बबनराव डोळे पुसत उठायचे, सायकल काढायचे आणि ड्युटीवर जायचे. बायको बरोबर असली तर ती बसून राहायची, कारण तिला न्यायला तिचा भाऊ यायचा तो सिनेमा सुटल्यावर. बरं, सुट्टीच्या दिवशी तरी माणसानं पुढचं बघावं की नाही? नाव नको! 'आपला माणूस गेल्यावर लढाई कोण जिंकलं आणि लग्न कुणाचं लागलं, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?' असं ते म्हणायचे. हा दुखवटा होता. दुखवट्यात माणूस आलुबोंडा खात पडद्याकडे बघत बसत नाही. सख्खा चुलता गेला तेव्हा या गृहस्थांनी एवढा दुखवटा पाळला नव्हता, पण ते जाऊ द्या.

आणि दिवे पुन्हा गेल्यावर, तासाभरानं, थॉर्नली परत यायचा. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली, काठी टेकत टेकत. सगळे त्याला मेलेला समजून बसलेले असायचे, आणि हा दारात उभा राहून एवढंच विचारायचा, 'चहा आहे का शिल्लक?' थिएटर टाळ्यांनी दणाणायचं. त्या टाळ्यांत नीलाबाईंच्याही टाळ्या असायच्या. दोन-तीन सिनेमांत तो खरोखरच मेला, नाही असं नाही, पण बाकी सगळ्यांत परत आला.

सुरुवातीला एकदा त्यांनी सांगून बघितलं होतं. 'अहो, तो शेवटी...' एवढं म्हणाल्या तोच बबनरावांनी हात वर केला. 'शेवटाचं मला सांगू नको. माझ्यासाठी तो तिथंच संपला.' मग त्यांनी नाद सोडला. कुणाच्या रडण्यात आपण कशाला पाय घाला?

तर न्यूनेन. जानेवारीत दोघं लेकाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. अनुप आइंडहोवनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवर होता, तो आता माळ्यावरच्या खोलीतून काम करायचा. सून यामिनी लग्न होऊन आली तेव्हा नुसती बायको म्हणून आली होती. आता ती इथल्या बेकरीवाल्यांच्या, सायकलवाल्यांच्या वेबसाइट बनवायची, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून. नात धम्मदीपा सोफ्यावरून शाळेत जायची आणि मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं डचमध्ये द्यायची. नीलाबाई खिडकीत बसून विणायच्या. हॉलंडात लोकरीला तोटा नाही आणि थंडीलाही नाही. बबनराव सगळ्यांपासून दीड मीटर लांबून चालत कालव्यापर्यंत जाऊन यायचे.

कालव्याला जाण्यामागेही थॉर्नलीच होता. त्याचा एक सिनेमा हॉलंडातला होता; त्यात तो एका कालव्यावरच्या पुलावर एकटा मागं राहतो. पहिल्याच आठवड्यात बबनराव घरी येऊन म्हणाले, "सापडला. हाच तो पूल."

"कशावरून?" नीलाबाईंनी विचारलं.

"वातावरणावरून."

त्या पुलाच्या कठड्यावर बांधल्याचं साल होतं, आणि ते लढाई संपल्यानंतर चाळीसेक वर्षांचं होतं. बबनरावांनी ते वाचलं नसेल असं नाही. पण भक्तीला असल्या गोष्टी आड येत नाहीत.

अशात अश्वजितचा फोन आला. अश्वजित आइंडहोवनचा, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा, आणि इथल्या आपल्या मंडळींचा न निवडलेला सचिव. चौदा एप्रिलची जयंती त्यानं झूमवर घडवून आणली होती आणि ती इतकी चांगली झाली की आता दर रविवारी व्याख्यान ठेवायचं त्याच्या डोक्यात आलं. "काका, पुढचा रविवार तुमचा," तो म्हणाला. "विषय तुम्हाला आवडेल तो."

फोन ठेवल्यावर बबनराव घरातल्या घरात दोन फेऱ्या मारून आले. नागपुरात वस्तीच्या जयंतीला ते वर्षानुवर्षं राबत आले होते. सतरंज्या घालायच्या, खुर्च्या मांडायच्या, माईकवर 'हॅलो, हॅलो' करून बघायचं आणि मग तो माईक वक्त्याच्या हातात द्यायचा. जन्मभरात त्यांनी माईकवर केलेलं भाषण एवढंच. पुढं एक्सचेंज आपोआप चालायला लागलं, ऑपरेटर कुणाला लागेनात, आणि निरोप समारंभालाही साहेबच जास्त बोलले. आता सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, तुम्ही बोला.

"विषय ठरला," ते म्हणाले. "मध्यंतरापूर्वी मरणारा माणूस. सेड्रिक थॉर्नली, जीवन आणि कारकीर्द."

नीलाबाईंचा टाका निसटला. आता आली का पंचाईत! नागपुरात घरात बसून रडणं वेगळं, आणि इथं साऱ्या हॉलंडच्या मराठी माणसांपुढं, हातात इंटरनेट घेऊन बसलेल्या शिकल्यासवरल्या पोरांपुढं, जिवंत माणसाला मेलेला ठरवणं वेगळं. या माणसाचं हसं होणार होतं, आणि तेही त्याच्या पहिल्या आणि बहुतेक शेवटच्या भाषणात. सांगावं, तर तो भाषणच देणार नाही. न सांगावं, तर देईल आणि तोंडावर पडेल. आठवडाभर त्या ते मनात घोळवत राहिल्या, आणि इकडे बबनराव मायक्रोवेव्हपुढं उभे राहून तालीम करत राहिले. मायक्रोवेव्हवर लावलेली वेळ संपल्याची शिट्टी वाजली की 'धन्यवाद' म्हणायचे.

शुक्रवारी यामिनी स्वयंपाकघरात आली आणि तिनं दार लावून घेतलं. "आई, बाबांना त्या पुलाच्या सीनची क्लिप हवीय. मी अख्खा सिनेमाच बघितला. हा माणूस तर मरत नाही!"

"हळू बोल."

"तुम्हाला माहितीये?"

"मलाच काय, अख्ख्या सीताबर्डीला माहिती होतं."

"आणि या सिनेमाला मध्यंतरच नाहीये, आई. सलग आहे."

"तिकडे कुठलं मध्यंतर? ते आमच्या थिएटरवाल्याचं. माणसं हळहळत बाहेर आली की आलुबोंडे जास्त खपतात, म्हणून हा मेला रे मेला की तो दिवे लावायचा."

यामिनी हसू दाबत ओट्याला टेकली. मग तिचं हसू गेलं. "पण मग बाबांना सांगायला हवं ना? कुणीतरी विचारलं तर?"

"रविवारपर्यंत मेलेला राहू दे त्याला," नीलाबाई म्हणाल्या. "क्लिप गोळी लागेपर्यंतच ठेव. सोमवारी बघू." आणि कणीक मळायला लागल्या, जरा जास्तच जोरात.

रविवारी दुपारी लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर चढला. त्याच्यापुढं दोन खुर्च्या. एक वक्त्याची आणि एक वक्त्याच्या पत्नीची, कारण 'कुटुंब दिसलं म्हणजे बरं वाटतं' असं वक्त्याचं मत. बबनरावांनी अनुपचा कोट घातला होता आणि टायची गाठ अशी आवळली होती की मान वळवायची तर अख्खे वळत. पडद्यावर चौकटी भरत गेल्या. "जय भीम, काका", "जय भीम, काकू". त्रिसरण-पंचशील सगळ्यांनी मिळून म्हटलं. पण इंटरनेटला ते मिळून कुठलं झेपतंय? आइंडहोवनचं दुसरं शील चालू होतं तेव्हा तिकडच्या ब्रेडा गावाचं पहिलंच यायचं होतं. अश्वजितनं मग सगळ्यांना म्यूट केलं आणि बबनराव सुरू झाले.

आणि काय सांगावं, माणूस चांगला बोलला. नीलाबाईंना अपेक्षा नव्हती. उत्तरेकडच्या कुठल्याशा पावसाळी गावात पाववाल्याच्या घरी थॉर्नलीचा जन्म, पोरवयात भट्टीवरचं काम, मग रेल्वेतली कारकुनी, नाटक कंपनीत भाले धरून उभं राहणं, लढाई, आणि मग सिनेमा. रद्दीतल्या मासिकांतून वेचलेलं सगळं त्यांनी नीट मांडलं. यामिनीनं क्लिप लावली. पुलावर गोळी लागली, पाईप पाण्यात पडला, आणि तिनं चपळाईनं तिथंच थांबवलं.

"पूल नायक ओलांडतो," बबनराव म्हणाले, "पण सुरुंग थॉर्नली लावतो. जगात काही माणसं मध्यंतरानंतरच्या सुखासाठी असतात, आणि काही त्यांची सोय करून आधीच निघून जातात. मी तीस-पस्तीस वर्षं ट्रंक कॉल जोडले. मुंबईची आई कलकत्त्याच्या लेकाशी बोलायची. मधे तार धरून बसलेला माणूस कुणाला आठवतो?"

नीलाबाईंनी सुयांवरून मान वर केली. त्यांना वाटलं, जाऊ दे, मेला म्हणतोय तर मेला. त्या थॉर्नलीचं काय जातंय?

इथं थांबले असते तर सगळं सुखरूप पार पडलं असतं. पण वक्त्याला समोर माणसं दिसली की एक दाखला जास्तीचा सुचतोच. "याच सिनेमाची एक आठवण सांगतो," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी मी हा पूल पडद्यावर पाहिला, थॉर्नली गेला, मी ड्युटीवर गेलो. सकाळी घरी येतो तर काय, मुलगा झालेला! आमचा अनुप. एक गेला, एक आला. आणि आमच्या मंडळींचं कौतुक बघा, कळ नाही, कुरकुर नाही, कुणाला त्रास म्हणून नाही. अगदी सहज बाळंतपण!"

चौकटींतून अंगठे वर झाले. नीलाबाईंच्या सुया थांबल्या.

अश्वजित आभार मानायला लागला तेवढ्यात ब्रेड्याच्या विनायकनं हात वर केला. विनायक तिथल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत होता, पुण्याचा, आणि पुण्याच्या माणसाची शंका नेहमी छोटीशीच असते. "सर, अप्रतिम झालं. फक्त एक छोटीशी शंका. मी काल रात्री हा सिनेमा पाहिला. पूर्ण. त्यात ते मरत नाहीत. शेवटी परत येतात. उलट तिकडे त्यांची ओळखच 'हमखास परत येणारा माणूस' अशी आहे, असं मी वाचलं."

बबनराव सबंध वळले, टायसकट. "इंटरनेटवर काय वाट्टेल ते लिहितात, विनायकराव. मी थिएटरात बसून डोळ्यांनी पाहिलंय. आणि साक्षीदार ही इथंच बसलीय. सांग गं नीला, तो पुलावर मेला की नाही?"

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं. जिन्यापाशी उभी असलेली यामिनी मान हलवत होती, नको नको म्हणून. चौकटींतली सगळी माणसं बघत होती. 'मेला' म्हटलं की भागत होतं. तो शब्द नीलाबाईंनी रविवारसाठी ठेवलाही होता. पण कानात ते 'कळ नाही, कुरकुर नाही' घुमत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मेला नाही. परत आला."

बबनराव आता त्यांच्याकडे वळले, पुन्हा टायसकट.

"तुम्ही उठून गेलात, दिवे गेले, आणि मला कळ आली. चांगली जीव घेणारी. दहा-पंधरा दिवस बाकी होते, म्हणून तर आले होते सिनेमाला. शेजारी कुणी नाही. तुमच्या खुर्चीवर मी माझी विणकामाची पिशवी ठेवलेली, कुणी परका येऊन बसू नये म्हणून. दर वेळी ठेवायची. थिएटरचा बॅटरीवाला आला, म्हणाला, ताई, त्रास होऊन राहिला का, रिक्षा आणू? म्हटलं, थांब बापा. एक्सचेंजला फोन लावून बघ. तो गेला आणि परत आला. म्हणाला, लागत नाही, लाइन बिझी आहे." नीलाबाई थांबल्या. "साऱ्या देशाचे फोन तुम्ही जोडत होतात, माझा लागला नाही. तो म्हणाला, आता चला ताई. म्हटलं, थोडं थांब. गेलेला माणूस परत येतो का, तेवढं बघते आणि मग येते."

सोफ्यावरून धम्मदीपानं विचारलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "मग आला?"

"आला की. हात गळ्यात बांधून, लंगडत लंगडत. आणि विचारतो काय, तर चहा आहे का शिल्लक! सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी खुर्ची धरून रडत होते. मग उठले. पिशवी तिथंच राहिली. बाळाचं टोपडं होतं तिच्यात."

झूमवर अशी शांतता झाली की अश्वजितला ती सोसवेना. "आपण... म्हणजे, पाच मिनिटांचं मध्यंतर घेऊ या का?" तो म्हणाला, आणि काय बोलून बसलो हे कळून त्यानं स्वतःलाच म्यूट केलं.

बबनराव उठले. जन्माची सवय. दाराशी जाऊन त्यांनी बूट घातले, आणि बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. नीलाबाईंनी मान वळवली नाही. जाऊ दे, कुठं जाणार आहे? ड्युटी नाही, सायकल नाही, साऱ्या देशात एक हॉटेल उघडं नाही. पण त्यांना वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. एका माणसाला जन्मात एकदा माईक मिळाला आणि तो आपण त्याच्या हातातून काढून घेतला. आणि खरं बोलल्याचं बरंही वाटत होतं, त्याची वेगळीच लाज.

माळ्यावरून ऐकत असलेला अनुप खाली येऊन आईच्या मागं उभा राहिला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं?" नीलाबाई म्हणाल्या.

पडद्यावरची माणसं सभ्य होती. काहींनी कॅमेरे बंद केले, काही खाली बघून चहाचे कप ढवळत होती, पण गेलं कुणीच नाही. नीलाबाईंनी सुया लोकरीत खोचल्या, विणकाम पिशवीत घातलं आणि पिशवी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. ठेवून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

बाहेरचं दार पुन्हा वाजलं. बबनराव आत आले. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले असावेत. धाप लागली होती आणि टाय खांद्यावर गेला होता. ते दारातच उभे राहिले. आधी त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग अनुपकडे, आणि मग खुर्चीवरच्या पिशवीकडे, बराच वेळ.

"चहा आहे का शिल्लक?" त्यांनी विचारलं.

लॅपटॉपमधून कुणीतरी टाळी वाजवली. ब्रेड्याहून असावी, कारण जरा उशिराच पोचली. मग सगळ्या चौकटींतून टाळ्या यायला लागल्या, मागंपुढं, एकमेकींत मिसळत.

नीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "आधी बसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली.